आयसीयूमध्ये कॅन्डिडा ऑरिस सापडली तर काय करायचं, कुठून सुरू करायचं

हे लिहितेय ते नवीन इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर्ससाठी, मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट्ससाठी आणि छोट्या हॉस्पिटलात ज्यांना अचानक "आजपासून इन्फेक्शन कंट्रोल तुम्ही बघा" असं सांगितलं जातं त्यांच्यासाठी. बॅक्टेरियाबद्दल आपण बरंच शिकलेलो असतो, बुरशीबद्दल फार कमी, आणि मग एके दिवशी लॅबमधून फोन येतो की दोन पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये यीस्ट दिसतंय, दोघंही त्याच आयसीयूतले. त्या क्षणी हातात काय घ्यायचं हे माहीत असलं तर पुढचे दोन महिने वाचतात, आणि कदाचित दोन-तीन जीवही.

थोडी पार्श्वभूमी आधी. कॅन्डिडा ऑरिस ही यीस्ट प्रकारची, म्हणजे एकपेशीय बुरशी, २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, एका वयस्कर बाईच्या कानातून. आपल्याकडे दिल्लीतल्या हॉस्पिटलांमधले रक्तातल्या इन्फेक्शनचे पेशंट २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि चंदीगडच्या पीजीआयने २०११-१२ मध्ये देशभरातल्या २७ आयसीयूंचा अभ्यास केला त्यात १९ आयसीयूंमध्ये ही सापडली. म्हणजे ही परदेशातून येणारी काही नवलाईची गोष्ट नाही, आपल्या आयसीयूंमध्ये ती दहा-पंधरा वर्षं आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली त्यात सगळ्यात वरच्या गटात जी चार नावं आहेत त्यातलं हे एक. रक्तात गेली तर साधारण तीस ते साठ टक्के पेशंट दगावतात; ते आधीच खूप आजारी असतात त्यामुळे प्रत्येक मृत्यू बुरशीनेच झाला असं म्हणता येत नाही, पण आकडा लहान नाही.

बाकीच्या कॅन्डिडा बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातून येतात. ऑरिस वेगळी आहे, ती कातडीवर बसते, तिथून चादरीवर, बेडच्या रेलिंगवर, बीपीच्या कफवर जाते आणि तिथे दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त जिवंत राहते. म्हणून ह्या तपासात दोनच प्रश्न शेवटपर्यंत विचारायचे: कोण कुठल्या बेडवर कधी होतं, आणि कुठली वस्तू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे फिरली. बाकी सगळं त्याभोवती.

आधी खात्री करा की खरंच ऑरिस आहे

रिपोर्टवर नुसतं "कॅन्डिडा स्पीसीज" किंवा "नॉन-अल्बिकन्स कॅन्डिडा" लिहिलेलं असेल तर तिथे थांबू नका, लॅबला फोन करून नाव मागा. जुन्या सॉफ्टवेअरचं व्हायटेक मशीन ऑरिसला बऱ्याचदा "कॅन्डिडा हिम्युलोनी" म्हणून दाखवतं, एपीआय किट कधी "रोडोटोरुला" सांगतं. तेव्हा आयसीयूतून हिम्युलोनी आली की ती ऑरिसच आहे असं धरून चाला, उलट सिद्ध होईपर्यंत. माल्डी-टॉफ (जंतूच्या प्रथिनांवरून त्याचं नाव सांगणारं मशीन) असेल आणि त्याचा डेटाबेस अपडेटेड असेल तर प्रश्न लगेच सुटतो, नसेल तर कल्चर जवळच्या मोठ्या मेडिकल कॉलेजला किंवा पीजीआयच्या मायकोलॉजी विभागासारख्या रेफरन्स लॅबला पाठवा. आणि हे फार महत्त्वाचं: लॅबमधल्या टेक्निशियन दादांना आजच सांगून ठेवा की एकही प्लेट फेकायची नाही. आउटब्रेक संपता संपता कुणीतरी विचारतं की पहिल्या पेशंटची आणि दहाव्याची स्ट्रेन एकच आहे का, आणि तोवर पहिली प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेलेली असते.

इन्फेक्शन आणि कॉलोनायझेशन हेही इथेच वेगळं करा. रक्तात, पोटाच्या पाण्यात आली तर इन्फेक्शन. कॅथेटर असलेल्या पेशंटच्या लघवीत, ट्रॅकिऑस्टॉमीच्या सिक्रिशनमध्ये, काखेच्या स्वॅबमध्ये आली आणि त्रास काही नाही, तर बहुधा नुसतीच वस्तीला आहे. अशा पेशंटला अँटीफंगल द्यायचं नसतं, पण पसरवण्याच्या दृष्टीने तो रक्तात असलेल्या पेशंटइतकाच महत्त्वाचा. हा मुद्दा कन्सल्टंटनाही पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

किती केस झाल्या म्हणजे आउटब्रेक म्हणायचं? साध्या कॅन्डिडासाठी तुमच्या आयसीयूचा नेहमीचा महिन्याचा आकडा बघा आणि त्याच्याशी तुलना करा. ऑरिससाठी एक केस पुरे, कारण एक कल्चरमध्ये दिसते तेव्हा कातडीवर घेऊन बसलेले आणखी काही पेशंट आसपास असण्याची शक्यता बरीच असते.

त्याच दिवशी करायच्या गोष्टी

कारण सापडेपर्यंत वाट बघू नका. पेशंटला वेगळी खोली मिळाली तर उत्तम, नाही मिळाली (आणि बहुतेक सरकारी हॉस्पिटलात नाहीच मिळत) तर आयसीयूचा एक कोपरा ठरवा, पॉझिटिव्ह पेशंट तिथे एकत्र ठेवा आणि शक्य असेल तर त्या बेडसाठी प्रत्येक शिफ्टला तीच सिस्टर द्या. गाऊन, ग्लोव्हज, बेडच्या पायाशी हँड रबची बाटली. अल्कोहोल हँड रब ह्या बुरशीवर चालतं, हात दिसायला घाण असतील तर आधी साबणाने धुवा. ग्लोव्हज घातले म्हणून हात स्वच्छ झाले असं नाही, काढल्यावर परत रब करायचंच. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, बीपी कफ, ग्लुकोमीटर त्या पेशंटचं वेगळं.

मग मेडिकल सुपरिंटेंडेंट, मेट्रन, आयसीयू इनचार्ज, मायक्रोबायोलॉजिस्ट आणि हाउसकीपिंग सुपरवायझर ह्यांना त्याच दिवशी एका टेबलावर बसवा. हाउसकीपिंगला बोलवायचं लोक विसरतात आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही बुरशी आटोक्यात येते ती बऱ्याच अंशी मावशी आणि मामांच्या हातून.

लाईन लिस्ट, म्हणजे सगळ्या तपासाचा पाया

आधी केस कोणाला म्हणायचं ते एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ: अमुक तारखेपासून ह्या आयसीयूत दाखल झालेला कुठलाही पेशंट ज्याच्या कुठल्याही सॅम्पलमध्ये ऑरिस आली. सुरुवातीला व्याख्या सैल ठेवा, नंतर आवळता येते. मग लॅबचं रजिस्टर घेऊन मागचं वर्षभर चाळा, हिम्युलोनी आणि नाव न दिलेल्या यीस्टसकट. "पहिला" पेशंट बऱ्याचदा पहिला नसतोच, तीन महिन्यांपूर्वी एक लघवीचा रिपोर्ट येऊन गेलेला असतो आणि कोणी लक्ष दिलेलं नसतं.

एक्सेल शीट पुरते, कुठलंही भारी सॉफ्टवेअर नको. प्रत्येक पेशंटची एक ओळ: वय, आजार, कुठून आला (दुसऱ्या हॉस्पिटलातून ट्रान्सफर असेल तर ते ठळक), आयसीयूत आल्याची तारीख, कुठल्या बेडवर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पॉझिटिव्ह सॅम्पलची तारीख, सेंट्रल लाईन, व्हेंटिलेटर, कॅथेटर, डायलिसिस, टीपीएन (शिरेतून दिलेलं पोषण), सर्जरी, आधी दिलेली अँटिबायोटिक्स आणि फ्लुकोनॅझोल, आणि शेवटी काय झालं. बेडच्या हालचाली मिळवणं सगळ्यात कटकटीचं काम आहे, कारण फाईलमध्ये नीट लिहिलेलं नसतं, त्यासाठी नर्सिंगचं हँडओव्हर रजिस्टर शोधा, तिथे जवळपास सगळं सापडतं. आणि जुन्या सिस्टर्सना विचारा, त्यांना कुठला पेशंट खिडकीपाशी होता हे वर्षानेही आठवतं.

ही यादी झाली की दोन चित्रं काढा. एक, आठवड्यानुसार किती केस, म्हणजे एपी कर्व्ह. दुसरं, आडव्या पट्ट्यांचं: प्रत्येक पेशंटची एक पट्टी, तो आयसीयूत होता तेवढे दिवस, आणि पॉझिटिव्ह आला तिथे खूण. भिंतीवर मोठ्या कागदावर काढलंत तरी चालेल, उलट बरं, कारण येता जाता सगळे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "अहो, हे दोघं तर एकाच वेळी नव्हतेच." आणि ते नव्हतेच असेल तर मधे काहीतरी वस्तू आहे, बेड आहे, मशीन आहे.

कोणाकोणाचे स्वॅब घ्यायचे

आयसीयूतल्या सगळ्या पेशंटचे, एकाच दिवशी. दोन्ही काखा आणि दोन्ही जांघा, एकच स्वॅब सगळीकडे फिरवून घेतला तरी चालतो. दर दोन आठवड्यांनी पुन्हा, नवीन केस येणं थांबेपर्यंत. आधीच वॉर्डात गेलेले किंवा डिस्चार्ज झालेले जे त्या पेशंटशेजारी होते त्यांचीही यादी करा, ते परत ॲडमिट झाले की आल्याबरोबर स्वॅब. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात २०१५-१६ मध्ये ५० पेशंटचा आउटब्रेक झाला, तिथे पॉझिटिव्ह पेशंट किंवा त्याच्या जागेशी चारेक तासांचा संपर्क बुरशी लागायला पुरेसा दिसला. तेव्हा "फक्त एक रात्र होता" म्हणून कोणाला यादीतून वगळू नका.

लॅबमध्ये स्वॅब साध्या प्लेटवर टाकला तर दुसरी यीस्ट वर येऊन ऑरिस झाकली जाते. ही बुरशी ४० अंशावरही वाढते आणि मीठही सहन करते, बाकीच्या बऱ्याच कॅन्डिडांना ते जमत नाही. म्हणून १० टक्के मीठ घातलेला साबुरॉ ब्रॉथ (बुरशी वाढवायचं पातळ माध्यम) ४० अंशावर ठेवायचा आणि मग क्रोमोजेनिक प्लेटवर, म्हणजे रंगावरून यीस्ट वेगळी ओळखता येणाऱ्या प्लेटवर, टाकायचं, म्हणजे थोडी असली तरी हाती लागते.

स्टाफचे स्वॅब घ्यायचे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारलं जातं, आणि बहुतेकदा ह्यामागे कोणावर तरी बोट ठेवायची घाई असते. रॉयल ब्रॉम्प्टनमध्ये अडीचशेहून जास्त कर्मचारी तपासले, एकाच व्यक्तीच्या नाकात सापडली. माझं मत स्पष्ट आहे, लाईन लिस्ट एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवत नसेल तर स्टाफचे स्वॅब घेऊ नका. सिस्टर्सना आरोपी केलंत की तुम्हाला पुढची खरी माहिती कोणी देणार नाही.

आयसीयूत उभं राहून बघा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वही घेऊन एका कोपऱ्यात उभे राहा, सकाळच्या राउंडला, आंघोळ-स्पंजिंगच्या वेळी, रात्रीच्या शिफ्टला, नवीन पेशंट येतो तेव्हा. तपासणी करतोय असं वाटू देऊ नका, मदतीला आलोय असं सांगा, आणि खरंच मदत करा. फक्त एकच बघायचं, कातडीला लागलेली कुठली वस्तू न पुसता दुसऱ्या पेशंटकडे जाते. ईसीजीच्या लीड्स, पल्स ऑक्सिमीटरचा क्लिप, सोनोग्राफीचा प्रोब आणि त्याची जेलची बाटली, पेशंट शिफ्ट करायचा बोर्ड, फिजिओथेरपीचं सामान, एक्स-रेची कॅसेट, बेडपॅन, फाटलेली गादी (रेक्झिन फाटलं की आतला फोम कधीच स्वच्छ होत नाही, गादी बदला), पडदे, ड्रेसिंगची ट्रॉली, डॉक्टरांचे मोबाईल.

ऑक्सफर्डची गोष्ट ह्यासाठी माहीत असावी. तिथल्या न्यूरो आयसीयूत २०१५ ते २०१७ मध्ये ७० पेशंटना ऑरिस लागली, त्यातले ६६ जण पॉझिटिव्ह येण्याआधी त्याच आयसीयूत राहून गेलेले. त्यांनी स्क्रीनिंग केलं, आयसोलेशन केलं, सफाई वाढवली, तरी केस येतच राहिल्या. भिंती, जमीन, हवा ह्यात बुरशी फारशी सापडली नाही. शेवटी पेशंटची तुलना केल्यावर दिसलं की काखेत ठेवायचे, पुन्हा पुन्हा वापरायचे तापमानाचे प्रोब ज्यांना लावले होते त्यांच्यात धोका कितीतरी जास्त, आणि त्या प्रोबवर बुरशी सापडली. प्रोब काढून टाकल्यावर केस कमी झाल्या. इतकी साधी वस्तू, रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची.

तुलना करायची पद्धत अवघड नाही. समजा ऑरिस आलेल्या १० पैकी ८ जणांना एक विशिष्ट प्रोब लावला होता आणि त्याच काळात त्याच आयसीयूत असूनही न आलेल्या २० पैकी ६ जणांनाच लावला होता, तर चार घरांचा तक्ता मांडा, (८ गुणिले १४) भागिले (२ गुणिले ६), ऑड्स रेशो, म्हणजे दोन्ही गटांमधल्या शक्यतांचं गुणोत्तर, नऊच्या वर. आकडे छोटे असतात त्यामुळे ह्याला पुरावा म्हणू नका, पण कुठे शोधायचं ते कळतं.

आणि म्हणूनच वातावरणाचे स्वॅब ह्यानंतर. पहिल्याच दिवशी शंभर स्वॅब घेऊन लॅबला बुडवायचं, त्यात सगळे निगेटिव्ह आले की मॅनेजमेंट म्हणतं आयसीयू स्वच्छ आहे, आणि तपास तिथेच संपतो. आधी संशय, मग त्या वस्तूचा ओला स्वॅब.

सफाई

आपल्याकडे बऱ्याच आयसीयूत जी सुवासिक फ्लोअर-सरफेस लिक्विड्स असतात ती क्वाटर्नरी अमोनियमची असतात, त्यातली बरीच ऑरिसवर नीट काम करत नाहीत. क्लोरीन वापरा, १,००० पीपीएम. बाजारातलं हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली घेऊन पाणी घालून १ लिटर करा, १० टक्क्यांचं असेल तर १० मिली. कॅनवरचं लेबल वाचल्याशिवाय मोजू नका, टक्केवारी कंपनीनुसार बदलते. रोज ताजं बनवा, उन्हात ठेवू नका. आधी साबणाच्या पाण्याने पुसून मळ काढायचा, मग हायपो, आणि १० मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे; हेच कुठेच होत नाही, पुसलं आणि लगेच कोरडं केलं जातं. धातूवर गंज चढतो म्हणून वेळ झाल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्या. मॉनिटर आणि व्हेंटिलेटरच्या स्क्रीनला हायड्रोजन पेरॉक्साइडचे वाइप्स, पण मशीनच्या कंपनीला विचारून. पेशंटला क्लोरहेक्सिडीनने स्पंजिंग करत असाल तर लक्षात ठेवा, त्या चादरी हायपोत टाकल्या की तपकिरी डाग पडतात आणि लॉन्ड्रीवाले वैतागतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

मावशी-मामांना "नीट पुसा" म्हणून काही होत नाही. त्यांच्याबरोबर एक बेड स्वतः पुसा, कुठून सुरू करायचं, कापड कधी बदलायचं, रेलिंगची खालची बाजू, सलाईनच्या स्टँडची मूठ, कॉल बेल, ट्रॉलीचं हँडल. मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसकट एक कागद भिंतीवर लावा. कंत्राटी लोक बदलत राहतात तेव्हा हे दर महिन्याला पुन्हा करावं लागतं. एखाद्या ठिकाणी अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात दिसणारा जेलचा ठिपका लावून दुसऱ्या दिवशी तो गेला का बघता येतं, पण त्याचा निकाल त्यांच्या पगाराशी जोडू नका.

औषधांचं थोडक्यात

उपचार फिजिशियन ठरवतील, पण तुम्हाला एवढं माहीत हवं. ऑरिस बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, काही अँफोटेरिसिनलाही देत नाहीत, म्हणून रिपोर्ट यायच्या आधी मायकाफंजिन, कॅस्पोफंजिन ह्या गटातलं औषध सुरू करतात. सेंट्रल लाईन शक्य तितक्या लवकर काढायची, ब्लड कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत परत परत पाठवायचं, पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून किमान १४ दिवस औषध, डोळ्यांची तपासणी. तुमचं काम म्हणजे उगाच चाललेलं फ्लुकोनॅझोल आणि लांबलेली ब्रॉड स्पेक्ट्रम अँटिबायोटिक्स कुठे आहेत ते दाखवून देणं. कोविडच्या काळात, एप्रिल ते जुलै २०२० मध्ये, दिल्लीतल्या एका आयसीयूत कॅन्डिडा रक्तात गेलेल्या १५ पेशंटपैकी १० जणांना ऑरिस होती आणि त्यातले ६ गेले. लांबलेला मुक्काम, सेंट्रल लाईन, कॅथेटर हे सगळं त्यांच्यात होतं.

नातेवाईक आणि ट्रान्सफर

२०२१ नंतर महाराष्ट्रात नातेवाइकांना "फंगस" म्हटलं की म्युकर आठवतो, डोळा काढावा लागणार का असंच पहिलं विचारतात. शांतपणे सांगा की ही ती बुरशी नाही, धडधाकट माणसाला हिचा धोका फार कमी, तुम्ही भेटू शकता, फक्त आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करायचे. काका-काकूंना पेशंटला हात लावू द्या. घरी गेल्यावर वेगळी भांडी-ताटं नकोत, हात धुणं आणि नेहमीची स्वच्छता पुरे. बुरशी कातडीवर महिनोन्महिने राहू शकते, म्हणून निगेटिव्ह येईपर्यंत डिस्चार्ज अडवून ठेवू नका.

दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवताना मात्र ट्रान्सफर समरीवर ठळक लिहा आणि वर फोनही करा. बदनामीच्या भीतीने लपवलं जातं, आणि पुढच्या आयसीयूतला पेशंट त्याची किंमत मोजतो.

बुरशी मोल्ड निघाली तर

ॲस्परजिलस किंवा म्युकर ह्या मोल्डच्या, म्हणजे धाग्यांसारख्या वाढणाऱ्या बुरशीच्या, एकापेक्षा जास्त केस आल्या तर वरचा बराचसा तपास लागू होत नाही, कारण ह्या माणसाकडून माणसाकडे जात नाहीत. तिथे धूळ शोधा: जवळ चाललेलं बांधकाम, फोडलेली भिंत, गळणारं छत, एसीचे फिल्टर, ओलसर ठेवलेल्या चादरी, ड्रेसिंगचं सामान. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या मुलांच्या हॉस्पिटलात २००८-०९ मध्ये पाच मुलांना म्युकर झाला, आणि धागा हॉस्पिटलच्या कपड्यांपर्यंत पोचला. २०२१ ची आपली लाट पेशंटकडून पेशंटकडे पसरलेली नव्हती, स्टिरॉइड आणि मधुमेह ही तिची मोठी कारणं होती. तेव्हा अशा वेळी बांधकाम विभागाचे इंजिनियर तुमच्या मीटिंगला पाहिजेत.

थांबायचं कधी

नवीन केस आली नाही म्हणून लगेच स्क्रीनिंग बंद करू नका. लागोपाठच्या फेऱ्या स्वच्छ आल्या तरी पुढचे काही महिने नवीन ॲडमिशनचे स्वॅब चालू ठेवा, विशेषतः दुसऱ्या आयसीयूतून आलेल्यांचे. जुन्या पॉझिटिव्ह पेशंटच्या केसपेपरवर आणि कॉम्प्युटरमध्ये खूण ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी रात्री दोनला तो कॅज्युअल्टीत आला तरी ड्युटीवरच्या सिस्टरला कळेल. लाईन लिस्ट, भिंतीवरच्या त्या कागदाचा फोटो, कुठली वस्तू कधी बंद केली त्याची तारीख आणि लॅबमध्ये जपलेल्या स्ट्रेन्सचे नंबर हे सगळं एका फाईलमध्ये, फाईल इन्फेक्शन कंट्रोलच्या कपाटात, आणि तुमची बदली झाली तर चार्ज देताना ती पहिली द्या.